देवघराखालची राखड

तात्यापारा, रायपूर
१४ नोव्हेंबर २०२४

चि. मंजिरी,
तुला व श्यामकांतरावांना आशीर्वाद. गुडघा तसाच आहे, भूक बरी आहे. फोनवर जमलं नसतं म्हणून लिहितो.

तेलीबांध्यापुढच्या तुमच्या प्लॉटवर रोज जातो. ती इंजिनियर पोरगी, यामिनी, मला पहिल्यापासून खटकत होती. कन्हार, म्हणजे इथली काळी माती, पावसात फुगते, उन्हात भेगाळते, हे मलाही कळतं. पण तिच्यात चुना आणि सिलतऱ्याच्या कारखान्यातली राखड, कोळशाची राख, कालवायची, अन् त्यावर घर बांधायचं? चुन्यात भेसळ असेल म्हणून चिमूटभर पाण्यात टाकून पाहिला. पाणी तापलं, म्हणजे चुना अस्सल. मग घरी दोन गोळे वळले, एक साध्या मातीचा, एक तिच्या मिश्रणाचा. आठ दिवसांनी पाण्यात ठेवले. साधा तासाभरात विरघळला. तिचा अजून बादलीत आहे.

हे तुला कळवलं नव्हतं.

काल तिनं जागोजागी सळई टोचून पाहिली. सगळीकडे अडली, ईशान्येच्या कोपऱ्यात हातभर आत गेली.

"यहाँ मिलाया ही नहीं?"

समारू, आपला मजूर, त्यानं माझ्याकडे पाहिलं. "हव दीदी, भूल होगे."

तिनं त्याला कामावरून काढलं. मी तिथंच उभा होतो, छत्रीची मूठ पुसत.

चूक त्याची नाही, मंजिरी. तिथं तुझं देवघर येणार. देवाखाली राख कशी चालेल? भरणी चालू असताना यामिनी जेवायला गेली, तेव्हा मीच त्याला म्हटलं, "इथं साधी माती भर."

तो हसला. "महादेव त राख ला चुपरे रहिथे, दादाजी!"

महादेव अंगाला राख फासतो हे ऐकूनही मी त्याला दटावलं, कोणाला न सांगण्याची शपथ घातली. त्यानं ती पाळली. तरी माझ्या मनात येतंच, हा गप्प काहून राहिला? याला काय पाहिजे? असं माझं मन.

तो कोपरा यामिनी पुन्हा खणून घेते आहे. पण स्वयंपाकघरात, चुलीच्या जागेखालीही मी साधीच माती भरायला लावली. तिथं तिनं सळई टोचली नाही. सोमवारी काँक्रीट पडणार.

उद्या सकाळी समारूच्या घरी जाऊन त्याला प्लॉटवर घेऊन जाईन. यामिनीसमोर चुलीची ती जागा मीच टोचून दाखवीन.

गेलो की नाही, हे पत्र मिळताच तिलाच विचार. माझ्या शब्दावर राहू नकोस.

सगळ्यांवर नजर ठेवता ठेवता स्वतःवर ठेवायची विसरलेला,
तुझा बाबा