दादाने हत्ती मागे घेतला

४ फेब्रुवारी

हत्ती मागे घेतलास? तू? तीस वर्षं बस चालवलीस, पण मागे घ्यायची वेळ आली की कंडक्टर शिट्टी फुंकून फुंकून निळा पडायचा, तरी तुला जमायचं नाही. आणि आता भर डावात घर ४ वरचा हत्ती गुपचूप घर १ वर नेऊन ठेवलास, जसा काही तो तिथून हललाच नव्हता. राग आधी लिहिला, आता नमस्कार लिहिते.

तीर्थरूप दादास, धाकट्या बहिणीचा शि. सा. न. वि. वि.

माझी तब्येत बरी आहे. छातीत बसवलेली झडप टिकटिक करते, त्यामुळे घरात घड्याळाची गरज उरली नाही. बाबांनी शिवलेला पट खिडकीशी मांडलेला आहे. तुझाही तसाच मांडलेला असेल असं धरून चालते. एकाच कापडाचे दोन पट, घरांवर एक ते चौसष्ट आकडे टाक्यांनी काढलेले. शिंप्याच्या घरात दुसरं काय मिळणार! पोस्टाने खेळायला लागून अकरा वर्षं झाली, आणि अकरा वर्षांत तू एकदाही हत्ती माघारी नेलेला नाहीस. मेलास तरी पुढे जाऊन मरतोस.

डाव अगदी मधोमध येऊन अडलाय. कुणाचा पाय कुणाच्या पायात आहे ते कळत नाही. अशा वेळी तू काहीतरी आडदांड करतोस, मी हसते आणि जिंकते. खालच्या दुकानातल्या घड्याळजीला तुझी खेळी दाखवली. तो म्हणाला, फार उत्तम खेळी आहे. तेच तर मला खुपलं.

अक्षर अजून नातीचंच आहे. हात थरथरतो म्हणे. सही करण्याइतकाही बरा होत नाही का? फोन केला की तू झोपलेला असतोस, नाहीतर आंघोळीला गेलेला असतोस. इतकी आंघोळ तू जन्मात केली नाहीस. मला फोनवर नीट ऐकू येत नाही, ते सगळ्यांच्या पथ्यावर पडलेलं दिसतंय.

माझी खेळी: घोडा ४३ वरून ३७.

लोभ आहेच, तो वाढवायची घाई नको, आधी हत्तीचं सांग.

तुझी टाचणी


१५ फेब्रुवारी

चि. टाचणीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. वाचून खूप हसलो. माझी प्रकृती उत्तम आहे. हात थोडा थरथरतो म्हणून नातीला सांगतो आणि ती लिहिते. तू काळजी करू नये, आपल्या झडपेला जपावं.

हत्तीबद्दल विचारलंस. त्या मांडणीत घाई केली असती तर मधली रांग सैल पडली असती. हत्ती मागे घेतल्याने मला आता साधारण पाऊण प्याद्याइतका फायदा आहे. वयानुसार माणूस शहाणा होतो, असं समज.

माझी खेळी: प्यादं १६ वरून २४.

पत्र पाठवत राहा, वाट पाहतो.

तुझा दादा


२३ फेब्रुवारी

तीर्थरूप दादास शि. सा. न. वि. वि.

शहाणा झालास हे वाचून बरं वाटलं. उशिरा का होईना. मी उगीच बोलले, मनावर घेऊ नकोस.

चालू डाव जरा बाजूला ठेवते, कारण मला एका कोड्याने छळलंय. काळ्याचा वजीर घर २४ वर आणि उंट घर २२ वर. पांढऱ्याचा राजा ७, हत्ती ६, आणि प्यादी १४, १६, २३. बाकीच्या सोंगट्या मागच्या पानावर लिहिल्या आहेत, त्या फार कामाच्या नाहीत. राजाला अजून एकदाही शह बसलेला नाही. काळा आता वजीर १५ वर आणून मात करणार, हे आंधळ्यालाही दिसतं. पण खेळी पांढऱ्याची आहे. पांढऱ्याने काय खेळावं? मी चौथी शिकलेली बाई, मला काही सुचत नाही. तू सांग. सावकाश विचार कर.

इथे सगळं ठीक. नातवंडं मला पोलीस आजी म्हणतात. का ते कळत नाही.

लोभाची कमतरता नाही, उत्तराची आहे.

तुझी टाचणी


६ मार्च

चि. टाचणीस अनेक आशीर्वाद.

तुझं कोडं मांडून पाहिलं, बराच वेळ विचार केला. पांढऱ्याला काहीच उपाय नाही. वजीर मध्ये घालून, शह देऊन फार तर तीन खेळ्या रडतखडत काढता येतील, पण मात ठरलेली आहे. पांढऱ्याने डाव सोडावा हे उत्तम.

जपून राहा, लिहीत जा.

तुझा दादा


१४ मार्च

चि. नकाशेवालीस, आशीर्वाद नंतर बघू.

हे पत्र तुला आहे, दादाला नाही. तू दिवसभर कागदावर लोकांच्या घरांचे नकाशे काढतेस, आणि स्वतःच्या घरात एक भिंत उभी करून तिच्यामागे माझा भाऊ लपवून ठेवला आहेस. ही भिंत मला दिसते.

कशी दिसली ते ऐक. तुझं ते पाऊण प्यादं! प्यादं असतं किंवा मेलेलं असतं, पाऊण कधी असतं का? दादाने आयुष्यात पाऊण काही केलेलं नाही. तो शब्द घेऊन मी घड्याळजीकडे गेले. त्याच्या संगणकात बुद्धिबळाचा प्रोग्रॅम आहे. तो म्हणाला, आजी, माणूस असं मोजत नाही, यंत्र मोजतं. मग त्याने आपला डाव त्यात घातला आणि दादाच्या गेल्या सहा खेळ्या एकेक करून तपासल्या. यंत्र आधी बराच वेळ डोकं खाजवतं, मग चांगल्यात चांगली खेळी सगळ्यात वर लिहितं. सहाच्या सहा वेळा वर तीच खेळी, जी तुझ्या अक्षरात माझ्याकडे आली. सहा बटणं एका रांगेत सरळ तर बाबांनीही कधी लावली नाहीत.

तरी मी म्हटलं, म्हाताऱ्याला छंद लागला असेल, तोच यंत्राला विचारत असेल. म्हणून कोडं घातलं. ते कोडं नव्हतं, बाई. तो आमचा जुना डाव आहे. मी सोळा वर्षांची होते, काळं माझं होतं, पांढरं त्याचं. त्या मांडणीत दादाने एक खेळी केली आणि मला हरवलं. ती खेळी तो गेली साठ वर्षं ज्याला त्याला सांगत फिरतोय. माझ्या लग्नात जेवणाच्या पंगतीत सांगितली. डाव सोडावा, असं दादा त्या मांडणीला मेला तरी म्हणणार नाही.

हे लिहिलं आणि हात थांबला. मेला तर नाही ना? तेवढं पहिल्या ओळीत लिही, बाकी रडगाणं नंतर.

जिवंत असेल तर ती मांडणी त्याच्यापुढे लाव. यंत्रापुढे नाही, त्याच्यापुढे. खेळी कोणती होती ते मी सांगणार नाही. तुझ्यावर माझा विश्वास उरलेला नाही.

आत्याआजी


२५ मार्च

आजोबा आहेत. आहेत, आत्याआजी.

ती. आत्याआजीस शि. सा. न. वि. वि.

दिवाळखोर माणसासारखं तोंड लपवून लिहिते आहे. गेल्या जुलैत आजोबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. तुमचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. बाबा म्हणाले, आत्याला कळलं तर हा धक्का तिलाही घेऊन जाईल, सांगायचं नाही. पण पत्र तर येतच राहिलं. पहिली उत्तरं मी माझ्या डोक्याने खेळले. चारच खेळ्यांत तुम्ही माझा घोडा खाल्लात. डाव संपला तर पत्रं संपतील अशी भीती वाटली, म्हणून संगणकाला विचारायला लागले. त्या मधल्या मांडणीवर तर मी त्याला रात्रभर चालू ठेवलं होतं. तो सांगेल ते तुम्हाला कळवायचे. चूक झाली.

तुमची सगळी पत्रं मी आजोबांना वाचून दाखवते. बसच्या शिट्टीचं वाचलं तेव्हा त्यांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं आणि घशातून आवाज आला. मला हसल्यासारखं वाटलं. बाबा म्हणाले, आचका असेल.

तुम्ही सांगितलंत तशी मांडणी लावली, तुमची यादी बघून, कापडी पटावर. आता जे लिहिते ते वाचून वाईट वाटून घेऊ नका. आजोबांनी डाव्या हाताने राजा उचलला आणि घोड्यासारखी उडी मारून थेट घर २२ वर ठेवला. तुमचा उंट उचलून मुठीत धरला, सोडेनात. राजा एकच घर चालतो ना! मी तो परत जागेवर ठेवला. त्यांनी पुन्हा तसंच केलं आणि पटावर मूठ आपटली. संगणकात घालून पाहिलं. तो अशी खेळी घेतच नाही.

मग बाबा बसले. त्यांनी मांडणी पुन्हा लावली, समजावायला म्हणून काळ्या वजिराने पांढऱ्या राजाला एक शह देऊन दाखवला, वजीर जागेवर ठेवला आणि म्हणाले, आता खेळा. आजोबा बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी राजा आडवा निजवला आणि हात मांडीवर घेतला. बाबा म्हणाले, बघ, एकदा राजाला उड्या मारायला लावतात, एकदा निजवतात, समज गेलीय.

एप्रिलच्या सहा तारखेला डॉक्टर येणार आहेत. समज उरलेली नाही असं त्यांनी लिहिलं, तर बोलायला शिकवणाऱ्या बाई बंद होणार आणि आजोबांना शुश्रूषागृहात ठेवणार. बाबांनी तिथली खोलीही पाहून ठेवली आहे. ते वाईट नाहीत, आत्याआजी, थकले आहेत. मला तर त्यांचं म्हणणं खोडून काढायला काहीच सापडत नाही.

माफ करता येणार नसेल तर रागावून तरी लिहा.

तुमची नकाशेवाली


३० मार्च

गाढवांनो! दोघंही गाढवं, बाप आणि लेक, आणि तुमचा तो संगणक तिसरा.

चि. नकाशेवालीस अनेक आशीर्वाद. घड्याळजीचा मेहुणा तुमच्या गावाला निघालाय, त्याच्या हाती पत्र देते. सहा तारखेच्या आत पोचेल. पोचलं नाही तर त्याचं काही खरं नाही.

आता नीट वाच. आम्ही बाबांच्या नियमाने खेळतो. बाबा म्हणायचे, राजा झाला म्हणून काय, जीव वाचवायला त्यालाही एकदा पळता आलं पाहिजे. म्हणून आमच्या घरात राजाला एक उडी असते. घोड्यासारखी, अडीच घरांची, सगळ्या डावात एकदाच. उडी मारता मारता समोरच्याला मारताही येतं. तुला दादाने हा नियम शिकवला नाही, कारण शाळेच्या स्पर्धेत तू उडी मारशील आणि पंच हाकलून देतील, अशी त्याला भीती होती. माझ्याजवळ तसं बोलला होता.

राजा ७ वरून २२, उंट मेला. हीच ती खेळी. साठ वर्षांपूर्वीची. माझ्या उंटाला मागून आधार नव्हता, हे मला तो उचलला गेल्यावर कळलं होतं. तेव्हाही त्याने तो असाच मुठीत धरला होता आणि जेवायला बसला तरी सोडला नव्हता.

पण मी संशयी बाई आहे. एवढ्यावर माझं समाधान झालं नसतं. म्हटलं, जुनी सवय असेल. हाताला आठवतं, डोक्याला आठवत नाही, असंही होतं. पण मग तुझ्या बापाने, देव त्याचं भलं करो, शह देऊन दाखवला. आणि बाबांच्या नियमाचं शेपूट असं आहे, की राजाला एकदा शह बसला की उडी गेली. कायमची. उडी गेली की त्या मांडणीत पांढऱ्याला खरंच उपाय नाही. तेव्हा शहाण्या माणसाने काय करावं? राजा निजवावा. दादाने निजवला. सोंगट्या जागच्या जागी, मध्ये फक्त एक शह येऊन गेला, आणि त्याने दुसरं उत्तर दिलं. दोन्ही वेळा बरोबर. तुमच्या घरात त्या दिवशी नियमाने खेळणारा माणूस एकच होता.

हे पत्र डॉक्टरांना वाचायला दे. त्यांना खोटं वाटलं तर मांडणी लावून दोन्ही तऱ्हेने स्वतः तपासावं. मीही तपासल्याशिवाय कुणावर विश्वास ठेवत नाही, त्यांनाही तसं सांगते. माझ्या भाच्याला सांग, थकलास हे कळलं, लबाडी केलीस हेही कळलं. पहिल्याची सोय करू, दुसऱ्याचं तोंडावर बोलेन. माझी झडप कारखान्यात बनलेली आहे, तुझ्या बापाच्या भीतीने बंद पडणार नाही. एप्रिलच्या मध्यावर मी येते. दादाच्या खोलीत माझी खाट टाका, आणि त्या शुश्रूषागृहवाल्यांना कळवा की खोली दुसऱ्याला द्या.

चालू डाव मोडून टाक. तो यंत्राशी झाला, मला त्यात रस नाही. नवा डाव मांड. पांढरं दादाचं.

आणि रडत लिहू नकोस, शाई फुटते.

या पत्राचं उत्तर तू द्यायचं नाहीस. तुझ्या बापाने द्यायचं नाही, त्या डब्याने तर नाहीच नाही. दादाने द्यायचं. तो डाव्या हाताने सोंगटी जिथे ठेवेल, तेवढाच आकडा कागदावर लिही आणि पाठव. मजकूर नको, आशीर्वाद नको, प्रकृती उत्तम नको. नुसता आकडा. तो त्याचा आहे की नाही, ते मी ओळखते.

टाचणी