दहावा माणूस

बाबा, आईची कॉफी दळायची चक्की आता मेलबर्नला आहे. क्लेटनमध्ये, तुमच्या नातीच्या स्वयंपाकघरात, एअर फ्रायरच्या शेजारी. लाकडी चौकोनी डबा, वर पितळी दांडा, खाली भुकटी पडायचा चिमुकला खण. आईने तिच्यात कॉफी कधी दळलीच नाही. आपल्या ज्यूंच्या प्रेषिताच्या, एलियाहू हानबीच्या नावाने मलिदा करायची तेव्हा त्यातल्या गोड पोह्यांसाठी वेलची दळायची, आणि तो वास अजून त्या लाकडात आहे. कुणी विचारलं की तुम्ही "एका डॉक्टरांनी दिली" एवढंच म्हणायचात आणि विषय बदलायचात. पुढचं आम्ही मुलांनीच रचलं. नाझींपासून पळून व्हिएन्नाचा एक ज्यू डॉक्टर आपल्या गावात आला, लढाई लागल्यावर इंग्रज सरकारने त्याला जर्मन समजून पकडलं, आणि आमच्या बाबांनी त्याला सोडवलं. तुम्ही पोलीस कचेरीत हेडक्लार्क होता, त्यामुळे गोष्ट खपून गेली.

एक संध्याकाळ मात्र त्या गोष्टीत कधी बसली नाही. मी लहान आहे. गावातल्या सिनेगॉगमध्ये शाबाथची, शुक्रवार संध्याकाळची प्रार्थना सुरू व्हायची आहे, दहा ज्यू पुरुष जमल्याशिवाय ती नीट होत नाही आणि आत नऊच आहेत. तुम्ही बाहेर पायरीवर बसला आहात, डोक्यावर टोपी, हातात पुस्तक. मी तुमचा हात ओढतो. "बाबा, चला ना, तुम्ही आलात की झाले दहा." तुम्ही माझा हात असा झटकता की मी खाली बसतो. "मला मोजायचं नाही," तुम्ही म्हणता, "पुन्हा बोलवायला येऊ नकोस." दुसरं कुणी आलं नाही. नऊ माणसं तशीच घरी गेली, आणि वाटेत कुणी आपल्याशी बोललं नाही. मला वाटलं, माझे बाबा घमेंडखोर आहेत.

खरं काय ते आईने सांगितलं, तुम्ही गेल्यावर, तुमच्या वर्षाच्या मलिद्याची वेलची दळताना. डॉक्टर पहिल्यांदा प्रार्थनेला आला त्या दिवशीही नऊच होते. तुम्ही पुढे होऊन त्याचं स्वागत केलंत. त्याने आपली मराठी बोलणारी, सावळी माणसं पाहिली, बाहेर चपलांची रांग पाहिली, आणि इंग्रजीत म्हणाला, "हे ज्यू आहेत की नाहीत, मला सांगता येणार नाही." आणि निघून गेला. पुढे तो पकडला गेला तेव्हा साहेबाने तुम्हाला बोलावून विचारलं, हा स्वतःला ज्यू म्हणवतो, तुमच्यातलाच आहे का? तुम्ही म्हणालात, "साहेब, मला सांगता येणार नाही."

"चार दिवस बसू दे आत, एवढंच होतं त्यांच्या मनात," आई म्हणाली. पण त्या चार दिवसांचे महिने झाले. डॉक्टरची बायको आणि मुलगी तिकडे व्हिएन्नात परवान्याची वाट बघत होत्या, आणि तारेच्या कुंपणाआडून तो काय खटपट करणार? मुंबईच्या कुणीतरी त्याच्यासाठी शब्द टाकला, तो सुटला, तोवर तिकडून निघायच्या वाटा बंद झाल्या होत्या. त्या दोघी कधीच आल्या नाहीत.

"बाबांनी हो म्हटलं असतं तर आल्या असत्या?" मी विचारलं.

"कुणास ठाऊक. ते हेच विचारत राहिले, मला नाही तर भिंतीला." मग आईने दांडा फिरवायचा थांबवला. सुटून आल्यावर डॉक्टर ही चक्की घेऊन आपल्या दारात उभा राहिला होता. बायको मागून येणार म्हणून तिचं हे सामान त्याने आधीच सोबत आणलं होतं. कचेरीत आपल्यातला माणूस आहे, त्यानेच सोडवलं असणार, अशी त्याची समजूत. तुम्ही त्याला चहा दिलात आणि चक्की ठेवून घेतलीत. त्या संध्याकाळी तो तुमच्या शेजारी प्रार्थनेला उभा राहिला आणि दहा भरले. त्यानंतर तुम्ही स्वतःला कधी मोजू दिलं नाहीत. "झाकली मूठ झाकलेलीच राहू दे," आई मला म्हणाली.

मला तुमची लाज वाटली, बाबा. ती लाज मी इमानाने सांभाळली, विमानातूनसुद्धा बरोबर आणली. मग गेल्या हिवाळ्यात इथल्या सिनेगॉगमध्ये एका सकाळी मला धरून दहा होत होते. तिथला एक माझ्याच वयाचा गृहस्थ जवळ आला. "नो ऑफेन्स, मेट," म्हणाला, आणि मग विचारलं, इंडियात खरे ज्यू असतात का? मी काही बोलायच्या आत त्याने फोन करून दुसरा माणूस बोलावला. मी हीटरपाशी पुस्तक धरून उभा राहिलो. त्याच्या आजोबांच्या घरातलं तिकडे युरोपात नाझींच्या हातून कुणी उरलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. तरी मनात आलं, उद्या याच्याबद्दल मला कुणी विचारलं तर मीही म्हणेन, मला सांगता येणार नाही. तुमचा इतकी वर्षं न्याय करत होतो, आणि माझा निकाल लागायला एक फोन पुरला.

आणि आता तुमची पणती. युनीत, म्हणजे इथल्या विद्यापीठात, इतिहास शिकते. सिनेगॉगमध्ये घरोघरच्या जुन्या वस्तू मांडायच्या ठरल्या तेव्हा तिने चक्की उचलली.

"आजोबा, युअर डॅड सेव्ह्ड अ मॅन. का नाही कधी सांगितलं?"

"अगं, तसं नाही ते."

"सो मॉडेस्ट," ती हसून म्हणाली, आणि मी चक्की पुसून तिच्या हाती दिली. रविवारी ती चक्कीपाशी उभी राहून सगळ्यांना तुमची गोष्ट सांगत होती, आमची रचलेली. तिचा चेहरा इतका अभिमानाने भरला होता की मला बघवेना. तो फोनवाला गृहस्थ सगळं ऐकून माझ्याकडे आला. त्याने माझे दोन्ही हात धरले, त्याचे डोळे भरले होते. त्या सकाळबद्दल माफी मागितली, तुमच्याबद्दल आभार मानले. मी त्याला काय म्हणालो असेन? "नो वरीज." तुम्ही निदान चहा तरी दिला होता.

हे लिहिलेला कागद चक्कीच्या खणात मावेल अशी घडी करून पाहिली. पण पोरगी तो खण उघडते, म्हणून तिथे ठेवणार नाही. आज तिला खरं सांगायचं धैर्य नाही, उद्या येईल असंही म्हणवत नाही.

काल सकाळी परत नऊ होते. त्या गृहस्थाने दारातच मला पाहिलं आणि मोठ्या प्रेमाने हात हलवून बोलावलं. इथेही दाराबाहेर पायरी आहे. तुम्ही पायरीवर बसायचात, बाबा. मी आत जाऊन दहावा म्हणून उभा राहिलो, आणि मला बरं वाटलं.