वारुळाची माती

आई, वारूळ मीच खणलं. तुला ते ठाऊक होतंच, सगळ्या गावाला ठाऊक होतं, तरी आज तोंडात एक दात उरला नसताना लिहून देतो: मीच खणलं, भर दुपारी खणलं, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा खणीन. माफी मागायला बसलेलो नाही मी.

गोरे साहेब अजून बेळगावच्या लष्करी कॅम्पात होते तेव्हाची गोष्ट. मी आपल्याच गावच्या शाळेत मास्तर. भात कापून शेतं मोकळी झाली की मी पोरांना घेऊन तिथं क्रिकेट खेळायचो. ढेकळावर पडलेला चेंडू कुठं उडेल ते देवालाही सांगता आलं नसतं. माझ्याच चेंडूनं एका पोराचे पुढचे दोन दात गेले. तू त्याच्या तोंडात हळद दाबलीस आणि सगळ्यांदेखत मला म्हणालीस, "मास्तर हाईस न्हवं? पोरं शिकवायला ठेवलंय तुला, का दात पाडायला?" लई लागलं ते. दुसऱ्याच दिवशी सायकल मारत कॅम्पात गेलो. ते लोक पिचावर काथ्याची चटई अंथरून, खिळे ठोकून खेळायचे. त्यांची एखादी जुनी चटई मागितली आणि आमच्याशी सामना खेळायला या म्हटलं. त्यांचा कप्तान, आपल्यासारखाच मराठी माणूस, हसला. "चटई खेड्यात जात नाही. आधी जमीन करा मास्तर, मग बोलवा." गावात पोचेपर्यंत माझी कानशिलं तापलेली होती.

जमीन करणं आपल्या घराला कुणी शिकवायचं गं? तुझ्यासारखं खळं अख्ख्या पंचक्रोशीत होत नव्हतं. माती भिजवायची, चोपण्यानं बडवायची, शेणानं सारवायची, वाळली की पुन्हा बडवायची; तुझ्या खळ्यावरचा भाताचा दाणा टिपून घेता यायचा. आणि खळं करता करता तूच एकदा म्हणालीस, "वारुळाच्या मातीगत माती न्हाय बघ. भेग म्हणून पडत न्हाय. पण ती आपली न्हवं, तिची." तिची म्हणजे सातेरीची, वारुळात नागरूपानं राहणाऱ्या देवीची. आपल्या बांधावरचं ते माणूसभर उंच वारूळ तुझी सातेरी होतं. दर नागपंचमीला तू तिथं दूध घालायचीस, लाह्या ठेवायचीस, घरातलं सगळं बरंवाईट तिच्या कानावर घालायचीस. मी तुझं एवढंच ऐकलं, की भेग पडत नाही. बाकीचं ऐकलं नाही. तू खानापूरच्या बाजाराला गेलीस त्या दिवशी कुदळ घेतली.

तू बाजाराहून येतेस. डोक्यावर पाटी तशीच आहे. बांधाकडं बघतेस, मग माझ्या लाल झालेल्या हातांकडं. ओरडत नाहीस. "खणलास?" "व्हय." "मग माझ्या चुलीवरचं तुला आता न्हाय." बस्स. मी शाळेच्या पडवीत तीन दगड मांडले आणि करपलेला भात खाल्ला, पण पीच केलं. तुझ्याच रीतीनं केलं, तुझंच चोपणं वापरून. कॅम्पवाले आले. कप्तानानं खाली वाकून अंगठा दाबून बघितला, अंगठा आत जाईना. "माती कुठली हो मास्तर?" "आमच्या शेतातली." हरलो आम्ही, चांगलेच हरलो. पण चेंडू शहाण्यासारखा सरळ आला, आणि कुणाचाही दात पडला नाही. दात पडलेलं ते पोर तर सगळ्यात जास्त वेळ टिकलं. त्या दिवशी तू तिथं यायला हवं होतंस.

श्रावणात तू सपाट झालेल्या जागेवर दूध ओतलंस. मी शाळेच्या दारातून बघत होतो. महिनाभरात तुला ताप भरला आणि गाव माझ्याकडं बघायला लागलं. सातेरी कोपली म्हणे! अरे, जंगलाच्या कडेचं गाव, घरटी एक माणूस हिवतापानं अंथरुणात. त्यांनी कुणी वारूळ खणलं होतं? तालुक्याच्या डॉक्टरनं क्विनाइन दिलं, मी ते तुला बळंच पाजलं. तो हिवताप होता, आई. आजही कुणी दुसरं काही म्हटलं तर मी भांडेन.

पण एक आहे. शेवटच्या दिवशी तू माझा हात धरून विचारलंस, "आत काय होतं रं?" मी म्हणालो, "काय न्हाय. नुसती वाळवी." तू आढ्याकडं नजर वळवलीस. मग म्हणालीस, "मग इतकी वर्सं दूध मी कुणाला घातलं?" मी तुझं पांघरूण सारखं केलं. तू तशीच गेलीस.

हे पत्र पोरांच्या हाती लागलं तर गावभर होईल, म्हणून चुलीत घालणार आहे. त्याआधी लिहितो. पहिल्या घावाला नाग बाहेर आला होता. चांगला हातभर फणा उचलून उभा राहिला. मी कुदळ खाली ठेवली, हात जोडले, आणि तो सावकाश रानात जाईपर्यंत तसाच उभा होतो. तुला खरं सांगितलं असतं तर तुझा ताप माझ्या माथी आला असता, म्हणून भ्यालो. ती होती तिथं, आई. तुझं दूध वाया गेलं नाही.