श्वास आत गेला

भांडुप,
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय मालनताई,

नमस्कार. तू पाठवलेली कोकमं मिळाली. सूनबाई सोलकढी करायला शिकलीय, त्यामुळे आता रोज सोलकढी. नाही कसं म्हणायचं? पितोय आपले सगळे.

जत्रेला आले नाही म्हणून तू रागावलीस. गुडघा दुखतो म्हटलं, ते खोटं होतं. फुफ्फुसात गाठ निघाली होती. ऑपरेशन झालं, मी घरी आले, बरी आहे. आता शांत बस आणि पुढचं वाच. फोनवर तू मला बोलूच दिलं नसतंस.

रोबोटने ऑपरेशन करणार म्हटल्यावर माझी वाटच लागली. डॉक्टर नीलाबाईंना विचारलं, "त्याला मराठी कळतं का?" त्या इतक्या हसल्या! म्हणाल्या, "मावशी, हात त्याचे, पण चालवणार मी. तिथेच बसून." बरगड्यांमधून बारीक भोकं पाडून उजव्या फुफ्फुसाचा वरचा भाग काढला.

दुसऱ्याच दिवशी मला चालवलं. छातीतून नळी, नळीला बाटली, आणि ती बाटली मासळीच्या पिशवीसारखी धरून माझ्या शेजारी आमचे हे. "हळू चल गो, पळतंस खंय?" असे ओरडले की अख्खा वॉर्ड हसला. मीही हसले. टाके असे दुखले म्हणून सांगू!

तुला का कळवलं नाही? बाबा गिरणीतून खोकला घेऊन गावी आले. त्यांची ती धाप तू एकटीने काढलीस, रात्र-रात्र बसून. पुन्हा तेच तुझ्यापुढे कसं ठेवू? कॅन्सर होता, ताई. बघ, शेवटी लिहिलं.

काल रिपोर्ट आला. "कुठे पसरलेला नाही. केमोची गरज नाही. तपासणीला मात्र येत राहायचं," नीलाबाई म्हणाल्या. हे उठून बाहेर गेले. बघते तर जिन्यात उभे राहून हमसून रडतायत. इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. मग दोघांनी नाक्यावर उभं राहून गरम जिलेबी खाल्ली.

आज आमच्या टेकडीच्या पायऱ्या चढले. मध्ये दोनदा बसले, पण चढले. वर पोचून लांब श्वास घेतला. अडला नाही गं कुठे.

शिमग्याला येतेच. तेव्हा हवं तेवढं भांड.

तुझ्या पाठची, आणि अजून बरीच वर्षं तुझ्या पाठी लागणारी,
वनमाला