स्पीकर चालू होता

मंगळवार, संध्याकाळ

आज माझ्या हातून लई वाईट झालं. माझी सुजाता शिडाच्या होडीतून एकटी जगाला फेरी मारायच्या शर्यतीत गेलीय. तिचा फोन समुद्रातून कधीतरीच येतो, इकडून लावायची सोय नाय. आज आला तवा शेजारची शोभा, शबानाभाभी आन् मी गच्चीवर पापड लाटत होतो. शोभा सारखी टोचते, "पोरगी समुद्रातच हाय ना, का पुण्यात?" म्हटलं, ऐकवूच हिला. स्पीकर लावला.

सुजीनं पहिलंच विचारलं, "आई, स्पीकर बंद हाय ना?"

मी म्हटलं, "व्हय."

तशी ती रडायलाच लागली. "लाटा घराएवढ्या हायेत गं. लई भीती वाटतीय. परत यावं वाटतंय."

शोभाचं लाटणं थांबलं. मला काय झालं काय माहीत. "हॅलो, हॅलो, आवाज येत नाय," म्हटलं आन् फोन कापला. बायांना सांगितलं, लाईन गेली.

भाभी खाली मान घालून म्हणली, "लाईन नै गई आपा. बच्ची रो री थी."

स्पीकर बंद हाय, असं का म्हटलं मी? शोभापुढं नाक वर ठेवायला? मला सोताला हर्सूलच्या तळ्यात पाय सोडायचं भ्या वाटतं, आन् पोरीनं भ्यायचं नाय?

फोन उशाशी घेऊन बसलेय. ती करील परत, समजूतदार हाय. पण रडल्यावर आईनं मुद्दाम फोन कापला, हे तिला कळलंच असंल. "बरी हाय मी, आई," म्हणंल. रडू आलं तरी आता मला कळू द्यायची नाय.