वरवंट्याऐवजी

शुक्रवार, १६ मे २०२५

पोचले एकदाची! भावाने, अनिमेषने, नासच्या त्यांच्या घरून गाडी हाणली ती थेट मलिंगार शहराच्या पुढे, किलदुआन नावाच्या जुन्या आयरिश गावात. पडका मठ, दगडी पूल, चार पब आणि आमचं भाड्याचं कॉटेज. शनिवार-रविवार इथेच. त्याचं बाळ सात आठवड्यांचं झालं, पण बारसं माझ्या व्हिसापायी अडलं होतं. वहिनी ज्ञानदा म्हणाली, ताई, नाव तुम्हीच ठेवायचं, म्हणून तर नोंदणीसुद्धा थांबवलीय. ठेवणारच! नागपूरहून कुंची आणलीय, पेढे आणलेत आणि आत्याचा मानही जपून आणलाय. नाव ठरलंय, ध्रुव. अजून कुणाला सांगितलेलं नाही.

शनिवार, १७ मे

सकाळी मठ पाहिला, मग मेंढ्यांच्या कुरणांतून एकटीच भटकले. सगळं आणलं आणि वरवंटा राहिला! बाळाच्या आधी वरवंट्याला नटवून पाळण्यात घालायचं, म्हणजे बाळ दगडासारखं टणक होतं, असं आई सांगायची. ज्ञानदा म्हणाली, किचनच्या प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, लाटणं आहे, चालेल. मला नाही चालत. काटेरी झुडपांमागे एका कोपऱ्यात छोटे छोटे दगड ओळीने रोवलेले दिसले. त्यातला एक पांढरा, गुळगुळीत, अगदी वरवंट्याएवढा. उपटला आणि पिशवीत टाकला. अनिमेष बघून इथल्यांसारखं म्हणाला, ग्रँड. म्हणजे झकास.

रविवार, १८ मे, दुपार

बारसं झालं. म्हणजे, झालं का?

दगडाला कुंची घातली, काजळ लावलं, पाळण्यात ठेवला. मला चेष्टा सुचली. ज्ञानदाला हसवायला आधी त्या दगडापाशीच वाकले आणि कानात सांगावं तसं म्हटलं, ध्रुव. मग बाळाला घेतलं, तर तोंडातून नावच निघेना. तीनदा प्रयत्न केला. बाळ डोळे उघडे ठेवून गप्प.

एवढ्यात घरमालकीण नोरा केक घेऊन आली. पाळण्यातला दगड बघून तिने केक तिथेच खाली ठेवला. म्हणाली, तो कोपरा बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळांचा आहे. चर्चच्या आवारात त्यांना जागा नव्हती. नावही नसायचं. बाप गुपचूप पुरायचे आणि वर एक दगड लावायचे. तिच्या आजीचंही एक बाळ तिथे आहे. ज्ञानदाने माझी चेष्टा सांगितली, तर आता नाव मिळाल्यावर ते बाळ परत कशाला जाईल, असं तिने मला विचारलं.

संताप आला मला. तान्ह्या पोरांना कुंपणाबाहेर ठेवणाऱ्यांचा संताप! पण त्याची भरपाई माझ्या भाच्याने का करायची?

तीन वाजता

बाळ गार पडलंय. दूध घेत नाही. इतकं जड झालंय की ज्ञानदाला उचलवत नाही. ॲम्ब्युलन्सला चाळीस मिनिटं लागणार. कुंचीतला दगड मात्र ऊबदार लागतोय. त्याचं काजळ ओघळलंय —

दुसरं नाव ठेवू म्हटलं. जगातलं एकही नाव आठवत नाही.

साडेतीन, कुरणात

दगड घेऊन आले. नोरा अडवत होती, ऐकलं नाही. होता तिथे रोवला. वर आला. पुन्हा रोवला. पुन्हा —

बरं. भांडायचंय ना, भांडू. सांगितलं त्याला, दिलेलं नाव तुझं, परत मागत नाही. पण अनिमेषचं पोर मिळणार नाही. आत्या हवी असेल तर ही घे. मांडीवर घेतला —

फोन. अनिमेष. बाळ रडतंय म्हणाला! ऊब आलीय, दूध ओढतंय.

जिंकले!

उठता येत नाहीये. पाय गार. कमरेपर्यंत —

बाकीचे दगड जवळ आलेत. मी नाही घाबरत. एकेकाने या रे. सगळ्यांना नावं —

आधी आमच्या बाळाचं. सुचलंय. छान आहे. तो मान माझाच. ज्ञानदा, इथे लिहून ठेवते, त्याचं नाव —