मारुतीच्या खाली

दैवशाला,

तू सोनपेठला माहेरी बसून रोज फोनवर माझा रिपोर्ट विचारायलीस, म्हणून लिहितो. रक्तात हिपॅटायटिस सी निघालाय. लॅबवाल्यांनी विषाणूची जनुकं तपासली, तर त्याच्या जाती दोन! डॉक्टर म्हणाले, "म्हणजे लागण बहुतेक दोनदा झाली. गोंदलंय कितीदा?"

जत्रेत गोंदलेला माझ्या दंडावरचा मारुती तुला ठाऊक हाय. त्याच्याखाली ज्ञानेश्वरीचं, तुझ्या आधी जिच्यावर जीव होता तिचं, नाव हाय. आपलं लग्न ठरलं तवा घाईघाईनं त्यावर मारुती काढून घेतला.

गोळ्यांनी दोन्ही जाती जातील म्हणे. नाव जाणार न्हाई. म्हणून हे पत्र धाडत न्हाई, रिपोर्ट हरवला म्हणून सांगतो. तू दर शनिवारी माझ्या दंडाला हात जोडतीस. तवा मारुतीनं तेवढं गप ऱ्हावं.

त्याच्याच भरवशावर,
तुझा सुग्रीव